दावा खोटा म्हणण्याआधी प्रथमोपचाराची वही काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम आकाराच्या मनोरंजन पार्कचे व्यवस्थापक लिहितात: ‘आमच्या बंपर कारमध्ये बसलेल्या एका पाहुण्याने तब्बल पाच महिन्यांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. मानेला कायमची इजा झाली म्हणतो. त्या दिवशी तो हसत बाहेर पडला होता. विमा कंपनी म्हणते, थोडेफार देऊन मिटवा. असले खोडसाळ दावे वाढतच चालले आहेत. लढायचं की मिटवायचं?’

तुमचा राग मला कळतो. सुट्टीच्या दिवशी गर्दी सांभाळायची, प्रत्येकाचा पट्टा ओढून बघायचा, आणि काही महिन्यांनी कोणीतरी लेटरहेडवर लिहून पाठवतो की तुमच्या निष्काळजीपणामुळे माझं आयुष्य उद्ध्वस्त झालं. मी राइड्सच्या देखभालीत बारा वर्षं काढली. त्यानंतर जवळजवळ तेवढीच वर्षं अशा दाव्यांची तांत्रिक तपासणी करतो आहे. कधी पार्कसाठी, कधी विमा कंपनीसाठी, कधी जखमी माणसाच्या वकिलासाठी. तिन्ही खुर्च्यांवर बसल्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला खटकलं: ‘तो हसत बाहेर पडला होता.’ हे कोणी पाहिलं आणि कुठे लिहून ठेवलं? मानेला हिसका बसला की दुखणं पुष्कळदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना सुरू होतं. तेव्हा हसत बाहेर पडणं हा इजा न झाल्याचा पुरावा होत नाही. उलट समोरचा वकील हेच वाक्य न्यायालयात वाचून दाखवेल आणि म्हणेल, बघा, कागद तपासायच्या आधीच यांनी निकाल लावून टाकला होता.

‘खोडसाळ’ या एका शब्दात आपण तीन वेगळे दावे कोंबतो. काही वेळा घटना घडलेलीच नसते. काही वेळा घटना घडते, माणसाला लागतंही, पण त्यात पार्कची चूक नसते. आणि काही वेळा इजाही खरी, चूकही खरी, फक्त मागितलेली रक्कम फुगवलेली असते. माझ्या टेबलावर आलेल्या फायलींमध्ये पहिला प्रकार सगळ्यात कमी आहे. दुसरा सगळ्यात जास्त आहे, आणि पार्कवाले चिडतात तेही मुख्यतः त्यावरच. पण दुसऱ्या प्रकारातला माणूस खोटारडा नसतो. त्याला खरंच लागलेलं असतं, फक्त कायदा त्याच्या बाजूने नसतो. त्याला खोटारडा म्हणून वागवलंत की साधं पत्र लिहून मिटलं असतं ते प्रकरण कोर्टात जातं.

या दुसऱ्या प्रकारावर जगभर ज्या निकालाचा दाखला दिला जातो तो १९२९चा, न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा आहे. कॉनी आयलंडवरच्या स्टीपलचेस पार्कात ‘फ्लॉपर’ नावाचा खेळ होता. चढावर वर सरकणारा पट्टा, त्यावर उभं राहायचं किंवा बसायचं, आणि तोल गेला की पडायचं. मजा हीच. बाजूच्या भिंतींना आणि जमिनीला गादी लावलेली. एक धडधाकट तरुण मित्रांबरोबर पट्ट्यावर चढला, पडला, आणि त्याची गुडघ्याची वाटी फुटली. पट्ट्याला अचानक हिसका बसला, असं त्याचं म्हणणं. खालच्या कोर्टात ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला होता. मुख्य न्यायाधीश बेंजामिन कार्डोझो यांनी तो फिरवला आणि खटला नव्याने चालवायला सांगितलं. खेळात भाग घेणारा त्यातले उघड दिसणारे आणि खेळातच मुरलेले धोके पत्करतो, आणि ज्याला भीती वाटते त्याने घरी बसावं, असं त्यांनी लिहिलं.

पार्कवाले हे शेवटचं वाक्य भिंतीवर लावायला तयार असतात. त्यांना मी निकाल पुढे वाचायला सांगतो. धोका लपलेला असता तर प्रकरण वेगळं झालं असतं, असं कार्डोझो म्हणतात. आणि अपघात इतके झाले असते की बदल केल्याशिवाय खेळ चालू ठेवणंच धोक्याचं ठरावं, तरीही वेगळं झालं असतं. म्हणजे अपघात किती झाले, हा प्रश्न निर्णायक होता. पार्कचे अध्यक्ष साक्षीत म्हणाले, असा अपघात आधी कधीच झाला नाही. पार्कच्या दवाखान्यातल्या परिचारिकेने त्यांना काही अंशी खोडून काढलं. फ्लॉपरवर लागलेल्या लोकांवर तिने आधीही उपचार केले होते. किती जणांवर, ते तिला सांगता आलं नाही. हाड मात्र कोणाचं मोडलं नव्हतं. वर्षाला अडीच लाख लोक त्या खेळावर येतात, असा पार्कचा अंदाज होता. त्या आकड्यापुढे ‘किती ते सांगता येत नाही’ ही साक्ष टिकली नाही.

त्या परिचारिकेकडे आकडा असता तर? मोठा असता तर कदाचित त्या तरुणाला न्याय मिळाला असता. लहान असता तर पार्कला अंदाजावर अवलंबून राहावं लागलं नसतं. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे. खोटा दावा पाडणारी आणि खऱ्या जखमीला न्याय देणारी वही एकच असते, आणि ती दावा येण्याच्या कितीतरी आधी लिहावी लागते.

आता तुमच्या बंपर कारकडे येतो. यावर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१२चा निकाल आहे. ग्रेट अमेरिका पार्कात २००५मध्ये एक महिला बंपर कारमध्ये बसली होती, चाक तिच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात होतं. गाडीला समोरून धडक बसली, मग मागून. तिने आधारासाठी समोर हात टेकला आणि मनगट मोडलं. तिचा मुद्दा पोकळ नव्हता: त्याच कंपनीच्या इतर पार्कांत समोरासमोर धडका टाळण्यासाठी गाड्या एकाच दिशेने फिरवत, इथे नाही. तरीही न्यायालयाने बहुमताने पार्कच्या बाजूने निकाल दिला. धडका देणं-घेणं हाच त्या खेळाचा गाभा आहे; धडक काढून टाकली तर खेळच उरत नाही. खेळातला मूळ धोका कमी करण्याची सक्ती चालकावर नाही, पण निष्काळजीपणाने तो वाढवता येणार नाही. आणि याही खटल्यात नोंदवही होती. २००४ आणि २००५ मिळून त्या राइडवर ५५ जणांना लागल्याची नोंद होती, आणि त्यात हाड मोडलेली ही एकटीच.

त्याच न्यायालयाने सात वर्षं आधी, २००५मध्ये, डिस्नेलँडच्या इंडियाना जोन्स राइडच्या खटल्यात चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं होतं की अशी राइड चालवणारा हा रेल्वे-बसप्रमाणे प्रवासी वाहक ठरू शकतो, आणि मग त्याच्यावर काळजी घेण्याची सर्वोच्च जबाबदारी येते. हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हींमागे एकच प्रश्न आहे: चाक कोणाच्या हातात होतं? रोलर कोस्टरमध्ये माणूस बार लागल्यावर स्वतःला पूर्णपणे तुमच्या हवाली करतो. वेग, वळण, ब्रेक यातलं काहीच त्याच्या ताब्यात नसतं. बंपर कारमध्ये तो स्वतः चालवतो, स्वतः धडका मारतो. कोणताही दावा आला की मी आधी हेच बघतो. तुमच्याकडचा कायदा तुमच्या वकिलांना विचारा, पण हा प्रश्न कुठल्याही न्यायाधीशाच्या मनात येणारच.

म्हणजे तुमची बाजू बरी आहे. पण बरी बाजूही कागदावर उभी करावी लागते. धोका ‘वाढवला’ का, याचं उत्तर तपशिलात असतं. त्या गाडीच्या कडेचं रबर कुठे टणक झालं होतं का, सीटमागची गादी जागेवर होती का, पट्टा लागत होता का, फेरी संपल्यावर ऑपरेटरने वीज तोडली तेव्हा गाड्या थांबल्या की घरंगळत राहिल्या. आणि मुख्य म्हणजे, त्या गाडीचा नंबर काय होता?

नंबरावर मी इतका जोर का देतो ते एका प्रकरणावरून सांगतो. गोल फिरत वर-खाली होणारी एक राइड, दोन-दोन माणसांच्या डब्यांची. एका महिलेने उजव्या बाजूची बरगडी तडकल्याचा दावा केला होता. पार्कने फायलीवर आधीच ‘तथ्यहीन’ असं लिहून मला बोलावलं होतं. डबे बघितले, सगळे ठीकठाक. मग प्रथमोपचार खोलीत गेलो. तिथल्या परिचारिकेने लांबट, रेघांची वही पुढे केली. गेल्या दोन महिन्यांत त्याच राइडवरून आलेल्या पाच नोंदी. ‘उजव्या कुशीत दुखते. बर्फ दिला. किरकोळ.’ पाचही वेळा उजवी कूस. वहीत नाव, वेळ, राइड, उपचार असे रकाने होते. डब्याचा रकाना नव्हता. ऑपरेटर मुलाला विचारलं तर तो क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, ‘सात नंबर असेल. सातच्या आतल्या बाजूला लोक ओरडतात.’ सात नंबरच्या डब्यात उजव्या कडेची गादी बदलताना मूळ जाडीपेक्षा पातळ बसवली होती. वरून रंग तोच, शिलाई तीच. अंगठ्याने दाबल्यावर खालचा लोखंडी नळ लागला. पार्कमध्ये कोणी खोटं बोलत नव्हतं. पाच माणसांनी सांगितलं होतं, पाच वेळा बर्फ दिला गेला होता, आणि त्या पाच ओळी कोणी एकमेकींना जोडून बघितल्या नव्हत्या. तो दावा पार्कने लढला नाही, आणि लढायला नकोच होता.

हे केवळ छोट्या पार्कांत होतं असंही नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या श्लिटरबान वॉटर पार्कात ‘फेररुक्ट’ नावाची सुमारे ५१ मीटर उंचीची घसरगुंडी होती. ऑगस्ट २०१६मध्ये तिच्यावर दहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. २०१८च्या आरोपपत्रात म्हटलं होतं की चालू असलेल्या १८२ दिवसांत त्याआधी किमान १३ जणांना तिच्यावर इजा झाली होती. तो फौजदारी खटला पुढे २०१९मध्ये, ग्रँड ज्युरीसमोर (खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर) मांडलेल्या पुराव्यातल्या दोषांमुळे, रद्द झाला. मुलाच्या कुटुंबाशी मात्र सुमारे दोन कोटी डॉलरची तडजोड आधीच झाली होती. त्या १३ पैकी एकाने लवकर दावा ठोकला असता तर आपल्यासारख्यांनी त्यालाही ‘खोडसाळ’ म्हटलं असतं का, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

बातम्यांमधल्या मोठ्या रकमांवरूनही गैरसमज होतो. डिसेंबर २०२४मध्ये फ्लोरिडाच्या ज्युरीने एका उंच ड्रॉप राइडच्या (माणसांना वर नेऊन एकदम खाली सोडणाऱ्या राइडच्या) ऑस्ट्रियन उत्पादकाला ३१ कोटी डॉलर द्यायला सांगितले, तेव्हा कितीतरी जण म्हणाले, बघा, लोक पार्कांना कसे लुटतात. ते प्रकरण मार्च २०२२चं, ऑर्लँडोचं होतं. चौदा वर्षांचा मुलगा सीटमधून निसटून खाली पडला. तपासात आढळलं की त्या सीटच्या सेन्सरची जुळणी हाताने बदलली होती, त्यामुळे हार्नेस आणि सीटमध्ये जास्त फट राहूनही यंत्रणेने राइड सुरू होऊ दिली. या दाव्याला खोडसाळ म्हणायला माणसाचं काळीज दगडाचं असावं लागेल.

खरोखर खोटे दावेही येतात, ते नाकारत नाही. एकाने कळवलं होतं की पाण्याच्या घसरगुंडीच्या शेवटच्या पायरीवर संध्याकाळी चार-दहाला पाय घसरून कंबर धरली. सोबत डॉक्टरांचा दाखला, ओल्या कपड्यातला फोटो, सगळं व्यवस्थित. पार्कने सीसीटीव्ही बघायला घेतला तर चित्रण केव्हाच पुसलं गेलेलं. पण त्या घसरगुंडीच्या वहीत निळ्या पेनाने लिहिलेली ओळ होती: ‘३.५० वीज चमकली. पंप बंद. लोक खाली. ४.३५ सुरू.’ खाली दोन सह्या. पंपाच्या खोलीतल्या वेगळ्या वहीत तीच वेळ दुसऱ्या हस्ताक्षरात. आम्ही दोन्ही पानांच्या प्रती समोरच्या वकिलांना पाठवल्या. दावा मागे घेतला गेला. त्या दिवशी ड्यूटीवर असलेली मुलगी हंगामी कामगार होती, पहिलाच महिना. तिला कोणीतरी नीट शिकवलं होतं की पंप बंद केला की वेळ लिहायची, आणि तिने ती लिहिली. कोणाही महागड्या वकिलापेक्षा त्या ओळीने जास्त काम केलं.

विमा कंपनी ‘मिटवा’ का म्हणते, तेही समजून घ्या. तिच्या दृष्टीने हा निव्वळ हिशेब आहे. वकील, तज्ज्ञ, साक्षी, तारखा यांचा खर्च तडजोडीच्या रकमेपेक्षा जास्त असेल तर दावा खरा की खोटा याला तिच्यासाठी फारसा अर्थ राहत नाही. अमेरिकेत बहुतेक इजेच्या दाव्यांत वकील जिंकल्यावर वाटा घेतो, साधारण एक तृतीयांश, त्यामुळे दावेदाराच्या खिशाला आधी झळ बसत नाही. पण यालाही दुसरी बाजू आहे: हरला तर वकिलाचीच मेहनत पाण्यात जाते, म्हणून शहाणा वकील पोकळ प्रकरण हातात घेत नाही. त्याला सुरुवातीलाच भक्कम कागद दिसले तर तोच अशिलाला समजावतो.

खोट्या दाव्यांना आळा घालणारे कायदे आहेत, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत अकराव्या नियमाखाली बिनबुडाचा दावा करणाऱ्या वकिलावर कारवाई होऊ शकते. पण तसा अर्ज दाखल करण्यापूर्वी समोरच्याला दावा मागे घ्यायला २१ दिवस द्यावे लागतात, आणि न्यायाधीश तो नियम हात राखूनच वापरतात. इंग्लंड-वेल्समध्ये २०१५च्या कायद्याचं कलम ५७ जास्त धारदार आहे: दावेदार मुळातच अप्रामाणिक ठरला तर इजेचा खरा भागसुद्धा फेटाळला जाऊ शकतो. न्यू जर्सीत पार्कवर खटला भरण्याआधी ९० दिवसांच्या आत अपघाताची लेखी माहिती पार्कला द्यावी लागते. तुमच्या भागात अशी मुदत आहे का, हे वकिलांना पहिल्या भेटीतच विचारा. तुमच्या प्रकरणात पाच महिने गेले आहेत.

तिकिटामागची सूचना आणि सही केलेलं हमीपत्र यांच्याबद्दल एवढंच सांगतो: उघड धोके माणसाला माहीत होते हे दाखवायला त्यांचा उपयोग होतो. घोर निष्काळजीपणा त्यांनी झाकला जात नाही, आणि मुलांच्या वतीने पालकांनी केलेली सही बऱ्याच ठिकाणी टिकत नाही.

मानेच्या दाव्यात तज्ज्ञ साक्षीदार हमखास एक आकडा पुढे करतात, म्हणून तो आधीच सांगतो. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोजच्या हालचालींत डोक्याला बसणारे हिसके मोजले होते. शिंकताना सुमारे २.९ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २.९ पट), खुर्चीत धपकन मागे बसताना सुमारे १०.१ जी. पार्कचे वकील हे ऐकून खूश होतात: बंपर कारचा हिसका म्हणजे खुर्चीत बसण्याएवढाच! मी पार्ककडून साक्ष देतानाही हा युक्तिवाद असा सरसकट वापरत नाही. हिसका किती वेळ टिकला, कोणत्या दिशेने आला, मान वळलेली होती का, माणूस सावध होता का, डोकं गोल फिरलं का, या सगळ्यावर परिणाम ठरतो. शिवाय पुष्कळ देशांत नियम असा आहे की दावेदाराची मान आधीच नाजूक असली तरी तुमच्या चुकीने झालेलं नुकसान तुम्हाला भरावंच लागतं. चूक सिद्ध झाली नाही तर प्रश्नच नाही. झाली तर ‘दुसऱ्या कोणाला एवढं लागलं नसतं’ हा बचाव चालत नाही.

मग तुम्ही काय करायचं? आज दिवस संपायच्या आत त्या तारखेचं सगळं एकत्र बांधा: राइडची सकाळची तपासणी, ऑपरेटरची वही, प्रथमोपचाराची वही, त्या महिन्यातल्या दुरुस्तीच्या नोंदी, ड्यूटीचं पत्रक, हवामान. सीसीटीव्हीचं चित्रण उरलं असेल तर फेरीच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतचं वेगळं काढून ठेवा. नोटीस मिळाल्यानंतर काहीही पुसू नका, बदलू नका, ‘नीट’ लिहून काढू नका. नोटिशीनंतर गहाळ झालेला कागद तुमच्याविरुद्धच बोलतो, आणि मागाहून भरलेली नोंद शाईवरूनही ओळखू येऊ शकते. त्या राइडवर वर्षभरात कोणकोणत्या गाडीवर कोणाला लागलं ते मोजा. मान किंवा पाठ असलेल्या नोंदी एकाच नंबराभोवती जमत असतील तर ती गाडी आजच बाजूला काढा, दावा खरा असो वा खोटा.

वह्या नीट भरलेल्या असूनही त्यांत अशी तक्रार निघाली नाही, प्रथमोपचार खोलीत दावेदाराच्या भेटीची नोंद कुठेच नसली, गाडीत दोषही नसला, तर लढा. विमा कंपनीला लेखी कळवा की तुमची तडजोडीला संमती नाही आणि त्यामागची कारणं ही. पॉलिसीत शेवटचा शब्द कोणाचा आहे ते मात्र आधी वाचा; पुष्कळ पॉलिसींमध्ये तो कंपनीचाच असतो. वह्यांमध्ये काही सापडलं तर मिटवा, आणि दावेदाराला लिहिलेल्या पत्रात त्याला खोटं पाडणारा एकही शब्द येऊ देऊ नका.

ऑपरेटरशी बोलायचं राहिलं. त्याला वरिष्ठांसमोर उभं करून विचारू नका. एकट्याला बसवा, चहा द्या, आणि आधीच सांगा की खरं बोलल्याबद्दल नोकरी जाणार नाही, आणि तो शब्द पाळा. मग विचारा की त्या बंपर कारमध्ये लोक कोणत्या नंबरावर ओरडतात. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, सही घ्या, आणि प्रथमोपचाराच्या वहीत आजच गाडीच्या नंबरासाठी एक उभी रेघ आखून घ्या.